ओट्याची उंची

—नाही, तो आकडा आधी खोडा. छत्तीस नाही, आणि अडतीस तर मुळीच नाही. बाबांनी फोनवर अडतीस सांगितलं असणार, माहितीये मला, त्यांची उंची सहा फुटाला एक इंच कमी आणि ह्या घरात जे काही बांधलं जातं ते त्यांच्या कोपराला विचारून बांधलं जातं — तुम्ही तीस लिहा. तीस इंच. हो, शुद्धीवर आहे मी. तीस, आणि खाली कपाट नाही, शटर नाही, भिंत नाही, सगळं मोकळं, खुर्चीवर बसलेल्या माणसाचे गुडघे आत जातील इतकं मोकळं. लिहा ना, काका. काका म्हटलं तर चालेल ना? केस पांढरे आहेत तुमचे, पण मघापासून मातीत रांगत माप घेताय, म्हणजे अजून कामातले आहात. आमच्याकडचे पांढऱ्या केसांचे लोक फक्त सल्ला द्यायच्या कामाचे. बसा जरा. मागच्या दारासमोरच्या त्या पायऱ्यांवर बसा — खालचीवर नको, ती हलते — मधलीवर. तीनच आहेत, त्यातल्या त्यात ती धड आहे.

चारपर्यंत वेळ आहे आपल्याकडे. बाबा दगडाच्या दुकानात गेलेत, ओट्याला काळा दगड घ्यायचा की करडा ते बघायला. एकटे नाही, सोबत चौकडीतले दोघं. चौकडी म्हणजे रोज सकाळी फिरायला जाणारे हे चार जण, फिरतात कमी आणि बाकावर बसून जगाला नावं ठेवतात जास्त. त्यातल्या एकाला सगळे मेजर म्हणतात, सैन्यात कधी नव्हता तो, मिशा आहेत फक्त. त्याने घरामागे असलं बाहेरचं स्वयंपाकघर बांधलं, ह्यांना जेवायला बोलावलं, आणि हे तिथून आले ते दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी मागच्या दारात उभे राहून म्हणाले, आपल्याकडे केवढी जागा पडून आहे. जागा पडून नव्हती हो. लिंबाचं झाड होतं, आईच्या कुंड्या होत्या, कपडे वाळत होते. पण बाबांना जे वापरता येत नाही ते पडून असतं.

त्यांचं चित्र बघितलंत ना तुम्ही? दाखवलंच असेल. वहीचं पान, पट्टीने आखलेलं, प्रत्येक रेघेवर आकडा. इंग्रजी एल आकाराचा ओटा, मधोमध भाजायची जाळी, समोर चार उंच स्टूल — चारच, मोजून चौकडीपुरते — वर पत्र्याचं छप्पर, छपराला ओळीने दिवे. आणि जाळीमागे एक माणूस काढलाय. कधी बघितलंत का, स्वयंपाकघराच्या नकाशात माणूस काढलेला? लांब चिमटा हातात, अंगात ॲप्रन. ते स्वतः आहेत ते. एकतीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने दोनदा पाणी उकळलंय, त्यातलं एकदा पाणी संपेपर्यंत उकळलं आणि पातेलं जळल्यावर आईला विचारलं, हे असं काळं का झालं. तो माणूस आता अडतीस इंचांवर उभा राहून मित्रांना मांस भाजून घालणार. आणि वर लोकांना काय सांगतात — हिच्यासाठी करतोय. हिच्यासाठी. पाय मोडल्यापासून ती घरात कोंडलीये, बाहेर बसेल, चार माणसं येतील, हवा लागेल. त्या सबंध कागदावर ती कुठे बसणार ते दाखवा मला. पाचवी खुर्चीच नाहीये.

बरं, ते सोडा, निदान काम तरी नीट यावं की नाही. वारा इकडून येतो. दुपारी उठतो आणि सात वाजेपर्यंत ह्याच बाजूने येतो, कपडे बघा कुठे उडतायत. त्यांनी जाळी मांडलीये त्या कोपऱ्यात, म्हणजे धूर सरळ ह्या खिडकीत, आणि ह्या खिडकीच्या आत आईची खाट. सांडपाण्याची मोरी आहे ह्या टोकाला आणि बेसिन काढलंय त्या टोकाला, पंधरा फूट पाणी नेणार कसं, उतार कुठून आणणार, जमीन तर उलटी उतरते. हे सगळं मी सांगितलं त्यांना, जेवताना, व्यवस्थित, आवाज न चढवता. तर म्हणाले, तीन वर्षं आर्किटेक्चर शिकलीस, तीन विषय सुटले नाहीत, आणि मला उतार शिकवतेस? मग मी आवाज चढवला.

हो, सोडलं मी कॉलेज. त्यात लपवायचं काय, सगळ्या गल्लीला माहीत आहे, बाबांनीच सांगितलंय. पोरीला झेपलं नाही म्हणतात. झेपलं नाही नव्हे, मी परीक्षेलाच बसले नाही. फरक आहे त्यात. पण त्यांना तो फरक—

काय गं आई? — नाही, नकोय त्यांना चहा. घेता का? — नको म्हणतायत. तू बस आत, उभी राहू नकोस. — अगं पडदा राहू दे तसाच, मी करते नंतर.

ही माझी आई. वॉकर धरून येते, दारात उभी राहते, पाच मिनिटं बघते आणि परत जाते. आठ महिने झाले तिने ते लिंबाचं झाड जवळून बघितलेलं नाही. स्वतः लावलेलं झाड. बाबा म्हणतात, तिला हौसच राहिली नाही कशाची. साफ खोटं. एकतीस वर्षं जी बाई सकाळपासून ओट्याशी उभी होती तिच्यापुढून ओटाच काढून घेतला तर ती करणार काय, दारात उभीच राहणार. म्हणून म्हणतेय, तीस इंच. तिला बसून करता यायला हवं. बसून कांदा चिरायचा, बसून ढवळायचं, हात पुढे केला की नळ, उजव्या हाताला शेगडी, डाव्या हाताला डबे, सगळं दोन हातांच्या टप्प्यात, उठायलाच नको. काढलंय मी, हे बघा, ह्या वहीत. सात वेळा काढलंय. हा वरून, हा समोरून, आणि हा बाजूने — गुडघे दिसतायत ना? सत्तावीस इंच मोकळे आहेत खाली. खुर्चीच्या हाताचं मापही धरलंय मी. तोंड झाडाकडे. भिंतीकडे नाही, झाडाकडे. एकतीस वर्षं भिंतीकडे तोंड करून रांधलंय तिने.

आतला ओटा बघितलात? जाऊन बघा, छत्तीस. आणि आई चार फूट दहा इंच. तुम्हाला तर सांगायला नको, तुमचा धंदाच आहे — ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवा, नाहीतर खांदे वर उचलून काम करावं लागतं. तिचं कोपर बरोबर ओट्यावर येतं. म्हणजे सुरी चालवायची ती खांद्यातून. कणीक मळायची तर टाचा वर. घर घेतलं तेव्हा ओटा तयार नव्हता, बाबांनीच माप दिलं होतं, छत्तीस, कारण पुस्तकात छत्तीस असतं. आणि बाबा कुठे नोकरीला होते माहितीये? वजनमाप खात्यात. हसू नका. आयुष्यभर लोकांचे तराजू तपासले, वजनांवर शिक्के मारले, भाजीवालीच्या काट्यात दहा ग्रॅमचा फरक रस्त्याच्या पलीकडून ओळखायचे आणि तिला रडवायचे. घरात बायको टाचांवर उभी राहून ओट्याला लोंबकळतेय, तो पाच इंचांचा फरक नाही दिसला. तिने एकदा म्हटलं होतं म्हणे, जरा उंच होतोय. तर म्हणाले, सवय होईल.

झाली की सवय. ती तक्रार करणाऱ्यांतली नाहीच. तिचं एकच वाक्य असतं, 'मी बघते काहीतरी.' पाहुणे अचानक आले, मी बघते काहीतरी. गॅस संपला, मी बघते काहीतरी. तर तिने एक लाकडी खोकं बघितलं. फळांचं असतं ना, तसलं, पण जाड फळ्यांचं. उलटं केलं, वर पायपुसण्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकून घेतला, घसरायला नको म्हणून. पाच इंच उंच. बरोबर पाच, मी मोजलंय. त्याच्यावर उभी राहून तिने आम्हाला वाढवलं. मी पहिल्यांदा उभी राहिले ती ते खोकं धरूनच म्हणतात. आम्हा पोरांना वाटायचं प्रत्येकाची आई खोक्यावरच उभी असते — मैत्रिणीच्या घरी गेले तर मी विचारलं होतं, तुझ्या आईचं खोकं कुठाय.

मग एके दिवशी ते हरवलं. हरवलं म्हणजे नव्हतं जागेवर. आईने तेलाचा पत्र्याचा डबा पालथा घातला आणि त्यावर उभी राहिली, वरच्या फळीवरचं काहीतरी काढत होती, डबा सरकला. खुबा मोडला. आत पट्टी घातलीये, स्क्रू आहेत, पावसाळी हवा पडली की दुखतं. बाबा दवाखान्यात सगळ्यांना सांगत होते, वीस वेळा बजावलं होतं हिला, डब्यावर चढू नकोस. वीस वेळा. एकदा ओटा कापून घ्यायचा होता, वीस वेळा बजावण्यापेक्षा. आणि खोक्याचं काय झालं, तर कामाला येणाऱ्या मावशींनी जाळायला नेलं असणार म्हणे. दुसरं कोण नेणार. मावशी नाही म्हणत होत्या, शपथा घेत होत्या, आमच्या लहानपणापासून येत होत्या हो त्या — एका दिवसात बंद. बाबांनी तोंडावर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ही ह्यांची तपासणी. तराजू बघायचा नाही, माणूस बघायचा आणि शिक्का मारायचा.

म्हणून सांगते, आकडा तुमच्या कागदावर, तुमच्या हाताचा, तुमच्या कंपनीच्या सहीने यायला हवा. मी सांगितलं तर ते वाद घालतील. तुम्ही छापील कागदावर तीस लिहिलंत तर मुकाट मान्य करतील, छापलेल्यापुढे त्यांची मान आपोआप झुकते. मला माहितीये हे कसं चालतं. मी स्वतः बघितलंय, आमच्या ज्युरीत. ज्युरी म्हणजे बाहेरचे मोठे आर्किटेक्ट येतात, आपण आपलं मॉडेल मांडायचं आणि ते बघून मार्क देतात. विषय होता चौघांच्या कुटुंबाचं घर. मी स्वयंपाकघरावर जीव ओतला होता. तीन आठवडे झोपले नाही. बारक्या बारक्या खिडक्या, बोटाएवढा नळ, घराच्या मधोमध ओटा, जिकडे तिकडे उजेड. ते मोठे आर्किटेक्ट वाकले, ओट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, उंची अगदी प्रमाणात आहे, छान. सगळ्यात जास्त मार्क मला. बाबांना विचारा, हे ते सांगणार नाहीत. आणि मॉडेल दिसतही होतं हो छान, कारण बाकीच्यांची कॉलेजच्या लंगड्या टेबलांवर डुगडुगत होती, आणि माझं कसं घट्ट, नजरेच्या बरोबर उंचीला, कारण खाली मी ते—

ते काही नाही. स्टँड. घरून नेलं होतं काहीतरी.

असं बघू नका माझ्याकडे. माप घ्यायला आलात ना, माप घ्या.

बरं. हो. तेच. मीच नेलं. ऐकायचंच होतं ना तुम्हाला? पण चोरून नाही नेलं. सकाळी घाईत होते, मॉडेल हातात, रिक्षा दारात, मी ओरडले, आई, खाली ठेवायला काहीतरी दे गं, भक्कम. तिने कणकेचे हात धुतले, खोक्यावरून खाली उतरली आणि ते उचलून रिक्षात ठेवलं. त्यावरचं पायपुसणं झटकलं, वर स्वच्छ कापड घाल म्हणाली, बरं दिसत नाही. मी म्हटलं, तुला? तर काय म्हणाली असेल — तुम्हीच सांगा. 'मी बघते काहीतरी.' मी म्हटलं, बरं. बरं म्हटलं आणि गेले. त्या मोठ्या माणसाचं बोट ओट्यावर होतं तेव्हा माझा फोन पिशवीत थरथरत होता, शेजारच्या काकूंचा. अकरा वेळा.

आणि पुढचं सांगू? मॉडेलमधला ओटा छत्तीस होता. प्रमाणात छत्तीस. आईच्या खोक्यावर काळं कापड टाकून मी त्यावर घर मांडलं, आणि त्या घरात ओटा छत्तीसचा. एकवीस वर्षं मी तिला खोक्यावर बघतेय, आणि पेन्सिल हातात घेतल्यावर मी पुस्तकातलं माप काढलं. मग काय तोंडाने जाऊ परत तिथे? ते पुन्हा छत्तीसच शिकवायला लागले असते, आणि मी वहीत उतरवून घेतलं असतं.

आईने कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्यातही नाही. बाबा मावशींना बोलत होते तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी दारात होते. मी बोलले असते तर एका वाक्यात संपलं असतं. नाही बोलले. खोकं अजून कॉलेजातच आहे, मॉडेलसकट, कुठल्यातरी कपाटावर. म्हणून हे तीस, काका. तुम्हाला वाटेल ओट्याचं काय एवढं. मला हा एक ओटा तिच्या मापाचा व्हायला हवाय. एक. बाकी बाबांना काळा दगड लावू दे, दिवे लावू दे, मेजरला बोलावून त्याच्या मिशा भाजू दे. लिहिलंत? कागद दाखवा.

— हे काय? तीस कुठाय? हे काय आकडे आहेत — सात, सात, साडेसात? हे कसलं माप? पायऱ्यांचं कशाला घेतलंत, पायऱ्यांना कोण हात लावतंय, पायऱ्या तशाच राहणार आहेत. माझ्या कुठल्याच चित्रात पायऱ्या—

काय म्हणालात?

परत बोला.

'तुमच्या आई खाली येणार कशा?'

कशा म्हणजे. येईल की. वॉकर आहे तिच्याकडे, ती — आम्ही धरू तिला. मी धरेन. — रोज? हो, रोज. — मी घरी नसले तर — नसेन कशी, मी कुठे जाणार आहे. वॉकर पायरीवर टेकत नाही, ते खरं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जिना नको. जिना म्हणजे मला वाटलं वरचा जिना. आठ महिने ती दारापर्यंत येते आणि उभी राहते. मला वाटायचं ती बघायला येते.

थांबा. उतार करता येईल. पायऱ्यांच्या जागी उतार, त्यात काय. एक इंच चढाला बारा इंच लांबी, पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, पाठ आहे मला. साडेएकवीस इंच चढ. म्हणजे साडेएकवीस फूट लांब उतार. आणि हे अंगण दारापासून कुंपणापर्यंत — बोला ना, तुम्हीच मोजलंत — अठरा. अठरा फूट. म्हणजे वळवायला लागणार. मधे वळायला सपाट जागा, मग उलटा परत इकडे. कठडा दोन्ही बाजूंनी. रुंदी चार फूट धरली तर, दोन पट्टे, मधे फट — ही सगळी जागा गेली. इथून इथपर्यंत. झाडापर्यंत.

मग ओट्याला जागाच उरत नाही.

माझ्याही नाही, त्यांच्याही नाही.

सात वेळा काढलं हो मी. वरून, समोरून, बाजूने. गुडघे काढले तिचे.

गेट वाजलं. आले ते. उठा, काका, तुमचं काम झालं. तो कागद फाडून द्या मला, पायऱ्यांचा. बाकीचे राहू द्यात तुमच्याकडे, काही लागणार नाहीत. तिकडून पुढून जा. भेटतील ते दगडाचा तुकडा हातात घेऊन, विचारतील ओटा किती ठरला. म्हणा, तुमच्या बाईसाहेबांना विचारायचं राहिलंय — नाही, नको, काहीच म्हणू नका. मी सांगते. मला त्यांना आणखीही एक गोष्ट सांगायची आहे, मावशींची. तुम्ही जा.

आई, थांब तिथेच. मी वर येतेय.